गोदामातल्या तीन डब्यांवर ओलं पोतं टाकण्याबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
बेवारस व जोखमी वस्तू ताबा कक्ष,
जुने जिनिंग गोदाम, सौंसर,
जिल्हा पांढुर्णा (म.प्र.)

अर्जदार : सुशीला गुलाब सोमकुंवर, सेवानिवृत्त कर्मचारी (पाणीपुरवठा), राहणार बुद्ध विहाराच्या मागे, सौंसर

दिनांक : ९ मे २०२५

विषय : माझ्या घरून जप्त केलेले जुन्या कोरियन मूकपटाचे डबे नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागण्याआधी पत्र्याच्या गोदामातून थंड जागी हलविणे, तोपर्यंत त्यांच्यावर ओले पोते टाकणे, आणि घरांच्या नावांच्या यादीची मागणी मागे घेणे याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे चार अर्ज. २) आपल्या कक्षाची त्यावरील चार उत्तरे. ३) आपल्या बाबूंनी काल खिडकीतून तोंडी दिलेला निरोप, ज्याला जावक क्रमांक नाही.

महोदय,

वरील विषयाला धरून, हात जोडून पण घाईघाईने लिहिते की हा अर्ज कृपया आलेल्या दिवशीच वाचावा, गठ्ठ्यात ठेवू नये. आधीचे चारही अर्ज मी हिंदीत दिले होते, कारण कचेरीचा कारभार हिंदीतून चालतो आणि मी स्वतः नगरपालिकेत जन्म घालविलेली बाई आहे, रीत जाणते. हा पाचवा मात्र मराठीत देऊन राहिली. आपणही इथल्याच मराठी शाळेत शिकले असे आपले बाबू श्री. रवींद्र सांगतात, ते एक कारण. दुसरे कारण असे की मला राग मराठीतच नीट मांडता येतो, आणि नुसत्या विनंतीने भागेल अशी वेळ आता राहिली नाही.

१. सदर डबे माझे नाहीत, हे मी पहिल्या अर्जातच लिहिले होते आणि तेच माझ्या अंगावर आले. म्हणून पुन्हा सविस्तर लिहिते. माझे आजोबा कालकथित गुणवंता सोमकुंवर कोरियाच्या लढाईच्या वेळी भारताच्या लष्करी दवाखान्याबरोबर तिकडे स्ट्रेचर उचलायला होते. तिथे दोन्ही हात भाजलेला एक माणूस त्यांच्या वॉर्डात आला. तो तिकडच्या एका थेटरात पडद्याशेजारी उभा राहून मुक्या पिक्चरची गोष्ट लोकांना बोलून सांगणारा होता. तिकडे तसा धंदाच असे. थेटर पेटले तेव्हा तो आत शिरला आणि एका पिक्चरचे चार डबे घेऊन बाहेर आला, त्यात हात गेले. दवाखाना पुढे हलला तेव्हा त्याने ते डबे आजोबांच्या पायाशी सरकविले. बक्षीस म्हणून नाही, विकतही नाही. मी येईन किंवा माझे कोणी येईल, तोपर्यंत सांभाळ, असे तो खुणांनी बोलला. आजोबांनी मान हलविली. एवढाच व्यवहार. आजोबा डबे घेऊन सौंसरला उतरले तेव्हा आजीला वाटले, नवरा मिठाई घेऊन आला.

२. पिक्चर कशाचा आहे हे आपल्या दुसऱ्या उत्तरात विचारले होते व "आक्षेपार्ह मजकूर असल्यास तसे नमूद करावे" असेही लिहिले होते. नमूद करते. कोरियावर जपान्यांचे राज्य होते. ते राज्य गेल्यावर वर्षभरात हा पिक्चर निघाला. नदीकाठच्या एका गावात छोटा छापखाना आहे. तिथे सरकारला न आवडणारा कागद छापला जातो. छापणारा माणूस पकडला जातो आणि छापखान्याला टाळे लागणार असते. त्याच्या आधी त्याची बायको छपाईची शिशाची अक्षरे, ज्यांना आपल्याकडचे छापणारे खिळे म्हणत, ती पदरात घालून घरोघरी वाटते. कुणी तांदळाच्या मडक्यात लपवितो, कुणी लोणच्याच्या रांजणात, एक म्हातारी तर अंबाड्यात खोचते. प्रत्येक घरी थोडीथोडीच, म्हणजे कुठल्याही एका घरात पूर्ण शब्द सापडू नये. मग अधिकारी त्या बाईला कचेरीत बोलावतो, समोर कागद ठेवतो आणि म्हणतो की घरांची नावे लिही, नवरा घेऊन जा. तिथे तिसरा डबा संपतो. पुढे काय झाले ते चौथ्या डब्यात होते. आक्षेपार्ह काय ते आपणच ठरवावे.

३. आता चौथ्या डब्याचे. आजोबा पुढे फिरत्या टॉकीजवर मशीन चालवायला लागले. जामसांवलीच्या जत्रेत त्यांचा तंबू लागे. वर्षातून एकदा, बुद्ध पौर्णिमेला, ते मालकाकडून मशीन मागून आणत आणि विहारासमोर चादर ताणून हा पिक्चर लावत. शेजारी उभे राहून गोष्ट सांगत, त्या भाजलेल्या माणसाने खुणांनी समजावली तशी, फक्त आपल्या बोलीत. त्यामुळे आमच्या बस्तीतल्या लहानथोरांना ती बाई पाठ आहे. ती कोरियाची आहे हे कित्येकांना मोठेपणी कळले. मला स्वतःला ती इथल्याच, शेजारच्या रामाकोन्याकडची वाटायची. पण चौथा डबा पहिल्यापासूनच बिघडलेला होता. आतली पट्टी एकमेकींना चिकटली होती, मशीनवर चढतच नव्हती. कोणत्या वर्षी किती सुटेल ते सांगता येत नसे. जेवढी सुटे तेवढी आजोबा कात्रीने कापून घेत आणि त्या वर्षी बस्तीत जे लेकरू जन्माला आले असेल त्याच्या बारशाला एक तुकडा नेऊन देत. देताना म्हणत, हे तुझं नाही, तुझ्याजवळ सांभाळायला देऊन राहिलो. हा गंडा नाही की ताईत नाही, आमच्यात ते चालत नाही. त्या पिक्चरमधली बाई जसे खिळे वाटते तसे ते वाटत होते. एका घरी आग लागली, चोरी झाली, तर सगळे जाऊ नये, एवढाच हिशेब. डबा रिकामा झाला. लेकी सासरी गेल्या, त्यांच्याबरोबर तुकडेही पांढुर्ण्याला, नागपूरला, कुठे कुठे गेले.

उरलेले तीन डबे, आणि रिकामा चौथाही, घरी लाकडी पेटीत होते आणि पेटीवर ओले पोते. फागुन सरला की पोते चढे ते पाऊस लागेपर्यंत उतरत नसे. दुपार झाली की ओले करायचे, वाळले की पुन्हा ओले करायचे. आधी आजी करी, मग माझी आई लीलाबाई, मग मी. मी नोकरीवर असताना जेवायच्या सुट्टीत सायकलने घरी येऊन पोते ओले करून परत जात असे. साहेब विचारत, सुशीलाबाई रोज घरी काय आहे? मी सांगे, म्हातारं माणूस आहे जी.

४. यात आमची चूक एकच, आणि ती आमच्याच हातून होण्यासारखी होती. तुकडा जपायचा तर घरात सगळ्यात जपलेली जागा कोणती? बाबासाहेबांचा फोटो. म्हणून बहुतेकांनी तो फोटोच्या काचेच्या फटीत खोचला. आणि पौर्णिमेला फोटोसमोर मेणबत्ती लागते. इतकी वर्षे काही झाले नाही, हे नशीब म्हणायचे की काय म्हणायचे ते मला कळत नाही. गेल्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेला प्रणाली नावाच्या आमच्या शेजारच्या मुलीने मेणबत्ती लावली आणि काचेमागचा तुकडा भस्सकन पेटला. तिने फोटो वाचवायला हात घातला. तिची बोटे अजून नीट मिटत नाहीत. मुठीत कंगवा धरून वेणी घालते पोरगी.

त्यानंतर आपल्या कक्षाचे लोक आले. त्यांनी चौकशी केली, तुकडा कुठून आला ते विचारले आणि माझ्या घरून पेटी नेली. त्यात माझी हरकत नव्हती. धोका आहे हे मलाही त्या दिवशीच नीट समजले होते. मी पोतेही द्यायला गेले. तेव्हा सांगण्यात आले की जप्तीच्या कागदावर पोत्याचा उल्लेख नाही.

५. डबे आज जिथे आहेत ती जागा आपण आतून पाहिली आहे किंवा नाही याची मला कल्पना नाही. मी पाहिली आहे, खिडकीच्या जाळीतून. वर पत्रा आहे. खाली जिनिंगच्या काळातली सरकीची पोती तशीच पडून आहेत, त्यांच्यावर कापसाचा भुगा. आपल्याच कक्षाने दिवाळीत जप्त केलेल्या फटाक्यांची खोकी एका भिंतीला रचली आहेत आणि त्या खोक्यांवर, उंदीर लागू नयेत म्हणून, माझ्या आजोबांची पेटी ठेवली आहे. पलीकडच्या भिंतीला लागून अंगणवाडी भरते. आग विझवायला दाराशी वाळूची बादली टांगली आहे, तीत लोक तंबाखूचा खर्रा थुंकतात.

गेल्या साली जप्ती झाली आणि लगेच पाऊस लागला, म्हणून निभावले. या गोदामातला हा पहिला पूर्ण उन्हाळा आहे. नवतपा यायचाच आहे.

६. डबे परत मिळावेत किंवा निदान हलवावेत म्हणून मी अर्ज केले. पहिल्याला उत्तर आले की खरेदीची पावती जोडावी. मी कळविले की खरेदी नाही, ठेव आहे. दुसऱ्याला उत्तर आले की तसे असल्यास ठेव ठेवणाऱ्याने ओळखपत्रासह स्वतः हजर राहावे, अथवा मृत असल्यास मृत्यूचा दाखला व वारसांचे संमतिपत्र सादर करावे. कोरियातल्या लढाईत हात जळालेल्या आणि नावही माहीत नसलेल्या माणसाला मी सौंसरला कुठून हजर करू? तिसऱ्या वेळी नुसते तोंडी सांगितले की प्रकरण पांढुर्ण्याच्या मुख्य दफ्तरात गेले. मी बसने पांढुर्ण्याला गेले. तिथे म्हणाले, जप्ती सौंसरची, सौंसरला जा. असे खेटे घालण्यात माझा सगळा हिवाळा गेला. हिवाळ्याचे मला दुःख नाही, तो थंड होता. डब्यांना बरा होता.

७. दरम्यान माझी भाची शीतल, जी नागपूरला शिकते, तिने एका तुकड्याचा फोटो कोरियातल्या एका चित्रपट संग्रहाला पाठविला. उत्तर लगेच आले. तिथल्या श्रीमती हान नावाच्या बाई लिहितात की हा पिक्चर त्यांच्याकडे फक्त फाटक्या, डाग पडलेल्या अवस्थेत उरला आहे. मधला भाग नाही, शेवटचा तर कुणीही पाहिलेला नाही. त्या बाईंनी आयुष्यभर या पिक्चरवर काम केले आहे आणि त्यांनाही शेवट माहीत नाही. मधला भाग आमच्या तीन डब्यांत आहे. त्या स्वतः नागपूरला यायला तयार आहेत, थंड पेटी घेऊन. फक्त तोपर्यंत डबे गार ठेवा, असे त्यांनी हात जोडल्यासारखे लिहिले आहे.

त्यांनी हेही लिहिले आहे की ही जुनी पट्टी मरते कशी. आधी चित्र फिके पडते. मग पट्टी चिकट होते. मग तिच्यावर मधासारखा फेस येतो. मग सगळी गुंडाळी एकजीव होते. शेवटी तपकिरी भुकटी होते, आणि त्या अवस्थेला पोचलेली पट्टी नुसत्या उन्हाळ्याच्या उष्णतेने, काडी न लावता, आपोआप पेटू शकते. पेटली की पाण्याने विझत नाही. पाण्याखालीसुद्धा जळत राहते. प्रत्येक पायरीला वास येतो आणि तो वाढत जातो.

आपल्या गोदामाचे चौकीदार पुंडलिकराव रामाकोन्याचे आहेत, घरी संत्र्याची बाग आहे. बंद खोक्यात माल सडला तर बाहेर काय वास येतो ते त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांना मी विचारले. नोकरीचा माणूस आहे, आधी कचरले. मग म्हणाले, "बाई, आत कोणी तरी हळूहळू काही शिजवून राहिलं असं वाटते." होळीला वास फक्त दाराशी होता. आता रस्त्यावर येतो. अंगणवाडीच्या सेविकेने आपल्याकडे तोंडी तक्रार केली, तेव्हा मेलेली घूस असेल असे सांगून तिच्या हातावर फिनाइलची बाटली ठेवण्यात आली.

८. श्रीमती हान यांचे पत्र मी चौथ्या अर्जासोबत जोडले. त्यावर उत्तर आले की सदर वस्तू ज्वलनशील असल्याबद्दल परदेशी पत्र ग्राह्य धरता येत नाही, नमुना सादर करावा. महोदय, वस्तू धोकादायक म्हणून आपणच जप्त केली. आता ती धोकादायक आहे हे मी सिद्ध करायचे. बरं, तेही केले. डब्यातली पट्टी आपल्या ताब्यात, म्हणून बाहेरचा तुकडा द्यावा लागला. दुसऱ्याच्या घरचा कसा देऊ? मी माझा स्वतःचा दिला. माझ्या बारशाला आजोबांनी दिलेला. त्यात ती बाई उभी होती, पदर सावरून. लहानपणी मी तो उन्हात धरून तिच्याशी बोलत असे.

आपल्या कक्षाच्या ओसरीत श्री. रवींद्रबाबूंनी चिमट्यात धरून त्याला काडी लावली. भिंत काळी झाली, बाबूंच्या भुवया गेल्या, तुकडा डोळ्यांदेखत संपला. मला वाटले, चला, पटले एकदाचे. आठ दिवसांनी पत्र आले : "चाचणीदरम्यान नमुना नष्ट झाल्याने पुरावा अभिलेखावर उपलब्ध नाही. नव्याने नमुना सादर करावा." ते पत्र मी विहाराच्या पायरीवर बसून वाचले आणि रडले, ते लिहायला मला लाज वाटत नाही.

९. काल मी पुन्हा खिडकीवर गेले. आपण मीटिंगला होतात. श्री. रवींद्रबाबूंनी आवाज खाली करून आपला निरोप दिला. तो शब्दशः लिहिते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको : "बाई, कागदावर डबे चार आहेत अन् माल तीनच डब्यांत आहे. चौथ्यातला कुठं गेला ते साहेबाले माहीत आहे. ज्याच्या ज्याच्या घरी आहे त्यायची नावं लिहून द्या अन् आपले डबे घेऊन जा. नाही त सोमवारी आम्हीच येतो घरोघरी. पौर्णिमा आहे, सारे घरीच सापडतील."

त्यांनी खिडकीतून एक कोरा कागद पुढे सरकविला आणि पेनही दिला. माणूस वाईट नाही, भुवया अजून उगवल्या नाहीत त्याच्या, तरी सांगितलेले काम करतो. मी कागदाकडे पाहत राहिले. हा कागद मी आधी पाहिला होता. बस्तीतल्या प्रत्येकाने पाहिला आहे, दर बुद्ध पौर्णिमेला, चादरीवर.

मी खोटे लिहिणार नाही. क्षणभर पेन हातात घेतला. डबे मिळाले असते. अंगणवाडीतली लेकरे वाचली असती. श्रीमती हान यांना कळविता आले असते की या, ठेव तयार आहे. आणि त्या बदल्यात काय, तर काही घरांची झडती, फोटो उतरविणे, आणि ते तुकडेही त्याच फटाक्यांवर. मी पेन परत दिला व आज लेखी उत्तर देते असे सांगून आले. ते उत्तर हेच.

१०. तरी माझ्या मागण्या खालीलप्रमाणे आहेत.

(अ) आज दुपारच्या आत पेटी फटाक्यांवरून खाली उतरवावी. उतरविताना आपटू नये, उघडू तर नयेच.

(ब) अंगणवाडी दुसऱ्या जागी भरवावी. पेटी तिथून हलेपर्यंत एक लेकरूही त्या भिंतीशी नको. डब्यांचे काय करायचे यावर आपले एकमत होवो न होवो, ही मागणी वेगळी समजावी.

(क) पेटीवर ओले पोते टाकावे आणि ते ओले राहील असे पाहावे. हे काम कुणी करणार नसेल तर मी करते. मला फक्त दार उघडून द्यावे. पगार नको, गेटपासही नको.

(ड) श्रीमती हान नागपूरला पोचतील तेव्हा तिन्ही डबे त्यांच्या हाती द्यावेत. ठेव ठेवणाऱ्याचे माणूस हजर करा असे आपणच म्हणाला होता. तिकडून येणारे हेच एक माणूस आता उरले आहे.

(इ) घरांच्या नावांच्या यादीची मागणी मागे घ्यावी. सोमवारी पौर्णिमेला आपली माणसे बस्तीत येऊ नयेत. आली तर चहा मिळेल, नाव मिळणार नाही. मेणबत्त्या यंदा फोटोपासून दूर, अंगणात लागतील. तुकडे फटीतून काढून गार जागी ठेवायला मी घरोघरी सांगून आले आहे.

११. मागणी (इ) बद्दल थोडे स्पष्टीकरण देणे माझे कर्तव्य आहे, कारण मी नगरपालिकेत शिकले की नकार द्यायचा तर कारणासह द्यावा.

चौथ्या डब्यात त्या बाईचे काय झाले, यावर आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून वाद आहे. आजोबा कधी सांगत नसत. पुढचं फाटलं, एवढेच म्हणत आणि मशीन बंद करत. कुणी म्हणे तिने खोटी नावे लिहिली असतील. कुणी म्हणे तिला मारले असेल. माझी आई लीलाबाई शेवटपर्यंत म्हणत होती की तिने सांगितली असतील बापा नावं, नवरा आत बसला, घरी लेकरं, बाई काय करेल? आई दर वर्षी हे म्हणताना पडद्याकडे पाहत नसे. मलाही आत कुठे तरी तेच वाटत होते. आईच्या सांगण्यावर माझा विश्वास होता.

माझा तुकडा आपल्या ओसरीत जळाला, त्यानंतर मी आणि शीतल निघालो. जे तुकडे कुठे आहेत हे ठाऊक होते तिथे गेलो. इथे गेलो, पांढुर्ण्याकडे गेलो, आणखी कुठे कुठे गेलो. एकही तुकडा हलविला नाही, ज्याचा त्याच्याजवळच ठेवला. फक्त खिडकीच्या उजेडात धरून शीतलने त्याचा फोटो घेतला. घरी येऊन ते सगळे तिने मोबाईलवर एकामागे एक लावले. कुठे मध्ये बरेच नव्हते, कुठे डागच डाग होते. तरी क्रम लागला. त्या चित्रांत टेबल आहे, दौत आहे. अधिकाऱ्याचा नुसता हात दिसतो, तो कागद पुढे सरकवितो. बाई उभी आहे. मग हात टेबलावर आपटतो. बाई उभी आहे. मग दुसरे कुणी तरी तिच्या मागे येऊन उभे राहते, त्याचा खांदा दिसतो. मग चित्र जळके होते. पण शेवटल्या काही तुकड्यांत फक्त तिचा चेहरा आहे, अगदी जवळून. शीतलने ते एकामागे एक सरकविले, परत मागे नेले, पुन्हा पुढे आणले. आम्ही दोघी पाहत राहिलो.

एकूणएक तुकड्यात तिचे तोंड बंद आहे.

अगदी शेवटच्या तुकड्यात ती कागदाकडे पाहत नाही, अधिकाऱ्याकडेही नाही. सरळ समोर पाहते, चादरीसमोर जे बसले असतील त्यांच्याकडे. तो तुकडा कुणाकडे आहे ते मला माहीत आहे. मी सांगणार नाही.

एवढे लिहून थांबते. हा अर्ज मी आपल्या गोदामाच्या पायरीवर बसून लिहून राहिली. अंगणवाडीतली लेकरे भिंतीपलीकडे गाणे म्हणून राहिली आहेत. पत्रा तापून कडकड वाजतो. दारावर हात ठेवला तर टेकवत नाही, आणि खालच्या फटीतून वास येतो, कालच्यापेक्षा गोड.

आपली, अजूनपर्यंत नम्र,

(सही)
सुशीला गुलाब सोमकुंवर

सोबत :

१) मागील चार अर्ज व चार उत्तरे यांच्या प्रती.

२) श्रीमती हान यांचे पत्र, मराठी सारांशासह. पट्टीच्या शेवटच्या अवस्थेबद्दलच्या ओळींखाली मी रेघ मारली आहे.

३) दुसरा नमुना : देत नाही.

४) तुकडे असलेल्या घरांच्या नावांची यादी : निरंक.

५) पोते, एक, ओले करून आणलेले. आवक शिक्का बसेपर्यंत वाळेल. दाराबाहेर पुंडलिकरावांचा रांजण आहे, त्यात पाणी आहे. पुंडलिकरावांनी आपली खाट मात्र आज सकाळी तिथून उचलून रस्त्यापलीकडे नेली.